फुगलेली महाधमनी आणि रोपलेली किडनी

किडनीचं प्रत्यारोपण आणि पोटातल्या महाधमनीच्या (हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या) फुगवट्यावरची शस्त्रक्रिया, दोन्ही एकाच शिवणीवर उभ्या आहेत. १८९४ मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर लिओं शहरात सुरीहल्ला झाला. फाटलेली मोठी रक्तवाहिनी कुणाला शिवता आली नाही आणि ते गेले. हे त्याच शहरातल्या आलेक्सी कारेल या तरुण डॉक्टरांच्या मनाला लागलं. भरतकाम करणाऱ्या एका बाईंकडून त्यांनी बारीक टाके घालायला शिकून घेतलं. वाहिनीच्या तोंडाला तीन टाके घालून ताणलं की गोल तोंडाचा त्रिकोण होतो आणि कडा सरळ शिवता येते. १९१२ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं.

पुढे वाटा वेगळ्या झाल्या. १९५१ मध्ये पॅरिसला शार्ल द्युबो यांनी महाधमनीचा फुगलेला भाग काढून मृत दात्याची धमनी जोडली. १९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी जुळ्या भावाची किडनी बसवली. १९८० च्या दशकात सायक्लोस्पोरिन हे शरीराला नवी किडनी नाकारू न देणारं औषध आलं, प्रत्यारोपण झालेले रुग्ण जास्त वर्षं जगू लागले आणि वयाबरोबर त्यांच्यातही असे फुगवटे दिसू लागले.

खरी पंचाईत इथे होती. नवी किडनी मूळ जागी बसवत नाहीत. ती ओटीपोटाच्या कडेला ठेवून तिची धमनी पायाकडे जाणाऱ्या धमनीला जोडतात, म्हणजे फुगवट्याच्या खाली. महाधमनी शिवायची तर वर चिमटा लावावा लागतो आणि तो लावला की एवढ्या कष्टाने मिळालेल्या किडनीचं रक्त तुटतं. सर्जन मग तात्पुरत्या नळीने रक्त वळवत किंवा किडनी गार ठेवत. त्यात प्रत्यारोपणानंतर घ्याव्या लागणाऱ्या स्टिरॉइडमुळे पोटावरची मोठी जखम लवकर भरत नाही, संसर्गाची भीती वेगळीच.

सप्टेंबर १९९० मध्ये ब्युनॉस आयर्सला हुआन पारोदी यांनी जांघेतल्या धमनीतून कापडी नळी फुगवट्याच्या आत सरकवून स्टेंटने, म्हणजे धातूच्या जाळीने, पक्की केली. पोट उघडणं नाही, चिमटा लावून बराच वेळ रक्त अडवणं नाही. याआधी, १९८७ मध्ये, युक्रेनमधल्या खारकिव्हच्या निकोलाय व्होलोदोस यांनी छातीतल्या महाधमनीत स्टेंट लावलेली नळी बसवली होती. त्यांचं नाव आजही कमी घेतलं जातं, हे मला अन्यायाचं वाटतं.

प्रत्यारोपित रुग्णाला ही पद्धत जणू मापाने शिवून आल्यासारखी बसते, तरी इथेही जपावं लागतं. नळीची पायाकडे जाणारी फांदी किडनीच्या धमनीच्या तोंडावर येऊन चालत नाही. एक्स-रेमध्ये रक्तवाहिन्या दिसण्यासाठी सोडलेलं औषध किडनीला बाधू शकतं, म्हणून ते मोजून वापरतात, काही ठिकाणी त्याऐवजी कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात. नळीबाजूने रक्त झिरपतंय का, हे नंतरही पाहत राहावं लागतं. त्यासाठी शक्य तिथे सोनोग्राफीवर भागवतात.