ज्याच्याकडे काही नाहीच, तो देणार काय?

गोव्यात हरमलला माझी मावसबहीण घराच्या दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने देते. पाहुण्याच्या ओळखपत्राचा फोटो मागवायचा, परदेशी असेल तर २४ तासांत सरकारकडे त्याची नोंद करायची, हे तिचं नेहमीचं काम. चवथीला तिच्याकडे गेलो होतो. गेल्या वर्षीची माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगलेली फळापानांची आरास, दाखवायला तिने फोन उघडला, आणि गॅलरीत दिसू लागले पासपोर्ट. मग पुण्यामुंबईच्या लोकांची आधार कार्डं, एकामागून एक. हे सगळे फोटो आपोआप क्लाउडवर चढत होते आणि तिथून तिच्या मुलाच्या टॅबवर उतरत होते.

"दादा, मग सुरक्षित अ‍ॅप कुठलं? एक नाव सांग," ती म्हणाली.

नाव ओठांवर होतं, तरी थांबलो. गोपनीयतेच्या आणि सुरक्षेच्या नावाने खपलेल्या वस्तूंनी लोकांना अनेकदा दगा दिला आहे. अवास्टचं अँटिव्हायरस लोकांनी संगणकाच्या रक्षणासाठी घेतलं, आणि त्याच कंपनीची जंपशॉट ही शाखा त्यांचा ब्राउझिंगचा इतिहास विकत होती. २०२० मध्ये हे उघडकीला आलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. अ‍ॅनॉमची गोष्ट तर याहून थक्क करणारी. गुन्हेगारांमध्ये 'अभेद्य' म्हणून फिरणारी ही संदेशसेवा प्रत्यक्षात एफबीआय चालवत होती, हे जून २०२१ मध्ये जगाला कळलं. पकडले गेले ते गुन्हेगार, हे चांगलंच झालं. पण फोन हातात असूनही वापरणाऱ्याला काही कळलं नाही, हे विसरू नये.

म्हणून कुठल्याही सेवेबद्दल मी आधी एकच गोष्ट विचारतो. उद्या कोणी दार ठोठावून माझी माहिती मागितली, तर यांच्याकडे द्यायला काय असेल?

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात सिग्नल या संदेशसेवेच्या दारावर अशी थाप पडली. न्यायालयीन हुकूम होता, टाळता येणार नव्हता. त्यांनी जे होतं ते दिलं: खातं कधी उघडलं ती वेळ, आणि ते शेवटचं कधी जोडलं गेलं ती तारीख. संदेश नाहीत, संपर्कयादी नाही. लपवलं म्हणून नाही, साठवलंच नव्हतं म्हणून.

संदेश त्यांच्या सर्व्हरवरून जातात, तरी त्यांना ते वाचता येत नाहीत, कारण कुलपाची किल्ली त्यांच्याकडे नसते. ती तुमच्या फोनमध्येच तयार होते. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या संशोधकांनी दाखवून दिलं की कधीही न भेटलेली दोन माणसं, सगळे ऐकत असताना उघड्यावर आकड्यांची देवाणघेवाण करूनही, फक्त दोघांनाच ठाऊक असेल असं गुपित तयार करू शकतात. त्यामागचं गणित पुढे करायला सोपं आणि उलट फिरवायला जवळजवळ अशक्य असतं. मधला सर्व्हर पोस्टमनसारखा बंद पाकीट नेतो.

पण बंद पाकिटावरही पत्ता असतो, आणि पत्ता पुष्कळ बोलतो. रात्री साडेअकराला एका घरातून १०८ ला फोन जातो, तासाभराने तोच मोबाइल बांबोळीच्या सरकारी इस्पितळापाशी दिसतो, आणि पहाटेपर्यंत सगळ्या नातेवाइकांना फोन जातात. एक शब्दही न ऐकता गावातलं कोणीही सांगेल काय झालं ते. कोण, कोणाशी, केव्हा, कुठून या माहितीला मेटाडेटा म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर २०१६ पासून सिग्नलचंच कूटतंत्र आहे, मजकूर तिथेही बंद असतो. फरक पडतो तो या पत्त्यांमध्ये, आणि बॅकअपमध्ये. क्लाउडवरच्या बॅकअपला कुलूप लावायची सोय व्हॉट्सअ‍ॅपने २०२१ मध्ये दिली, पण सेटिंगमध्ये जाऊन ते चालू केलं आहे का, ते आजच बघा. टेलिग्रामबद्दल तर मोठा गैरसमज आहे. तिथल्या संवादांपैकी फक्त 'सीक्रेट चॅट' पाठवणाऱ्यापासून घेणाऱ्यापर्यंत बंद असतात. साधे संवाद आणि ग्रुप तसे नसतात.

कुलूप खरंच चांगलं आहे की नाही, हे कसं कळणार? म्हापशाच्या बाजारात विकणारीने "ताजं आहे" म्हटलं म्हणून कोणी इसवण उचलत नाही. कल्ले वर करून लाली बघतात. गुप्तलिपीचे अभ्यासक ऑगस्ट केरखोफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की यंत्रणा शत्रूच्या हाती पडली तरी चालावी, गुपित राहावी ती फक्त किल्ली. ज्या अ‍ॅपचा सोर्स कोड, म्हणजे ते ज्यातून बनतं त्या मूळ सूचना, उघडा आहे, त्रयस्थ तज्ज्ञांनी तो तपासून अहवाल जाहीर केला आहे, त्याचे कल्ले बघता येतात. आपल्याला कोड वाचता येत नाही हे खरं, पण वाचणारे आहेत आणि ते गप्प बसत नाहीत. पासवर्ड ठेवायला मी बिटवॉर्डन सुचवतो ते त्यामुळेच.

पैसा कुठून येतो तेही बघावं. सिग्नलची संस्था ना-नफा आहे; २०१८ मध्ये व्हॉट्सअ‍ॅपचे सहसंस्थापक ब्रायन अ‍ॅक्टन यांनी तिला ५ कोटी डॉलर दिले, आणि आज ती देणग्या मागते. प्रोटॉन मेल ही ईमेल सेवा वर्गणीवर चालते. तरी २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या हुकमावरून प्रोटॉनला एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरच्या जोडणीचा क्रमांक, नोंदवून द्यावा लागला. पत्रांमधला मजकूर मात्र त्यांना उघडता येत नव्हता. मजकूर बंद असणं वेगळं, आणि तुम्ही अनोळखी असणं वेगळं.

तुमची इंटरनेटवरची ये-जा स्वतःच्या सर्व्हरमार्गे नेणाऱ्या व्हीपीएनबद्दल थोडक्यात: इंटरनेट कंपनीवरचा विश्वास तुम्ही व्हीपीएन कंपनीवर हलवता, एवढंच. फुकटचं तर नकोच.

आणि परवानग्या. माझ्या फोनमधलं पंचांगाचं अ‍ॅप लोकेशन मागत होतं. ते रास्त आहे, कारण तिथी सूर्योदयावर ठरते आणि सूर्योदय गावागणिक बदलतो. पण काणकोण ते पेडणे, म्हणजे गोव्याच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, हा फरक फार तर दोन-अडीच मिनिटांचाच, मग अंदाजे ठिकाण पुरतं. अँड्रॉइड १२ पासून तेवढंच देता येतं. तेच अ‍ॅप संपर्कयादीही मागत होतं. एकादशी कधी आहे हे सांगायला माझ्या आत्याचा नंबर लागत नाही. काढून टाकलं.

बहिणीला शेवटी नाव सांगितलंच, पण आधी फोन हातात घेतला. फोटोंचा आपोआप बॅकअप बंद केला. ठेवाव्याच लागतात त्या प्रती लॅपटॉपवर कुलूपबंद फोल्डरमध्ये गेल्या. देशी पाहुण्यांकडून यापुढे मास्क्ड आधार मागवायचं ठरलं; आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून ते उतरवता येतं आणि त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. मग खोडायला बसलो. फोनमधून, क्लाउडवरून, टॅबवरून. आरतीची वेळ होत आली तेव्हा कुठे तो माटोळीचा फोटो सापडला.