पुलित्झर घराणं: दोन भाऊ, एक पेपर आणि मृत्युपत्रातली वाटणी

दरवर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या पत्रकारितेच्या पुलित्झर पुरस्कारांची बातमी येते, आपले पेपर पण छापतात, कुणाला मिळाला, कशासाठी मिळाला, पण ज्याच्या नावाने तो आहे तो माणूस, जोसेफ पुलित्झर, कोण, कुठून आला, त्याच्या घरात काय चाललं होतं हे कुणी फारसं सांगत नाही. नावाचा उच्चार सुद्धा लोकं तीन-चार प्रकारे करतात, तिकडे घरचे म्हणतात तो साधारण 'पुल-इट-सर' असा. मला स्वतःला या माणसाच्या पेपरइतकीच त्याच्या घरातली भाऊबंदकी महत्त्वाची वाटते, कारण अमेरिकन पत्रकारितेतलं सगळ्यात मोठं भांडण जिथून सुरू झालं ना, तो पेपर मुळात त्याच्या सख्ख्या भावाचा होता.

तर सुरुवात हंगेरीत. दक्षिणेला माको नावाचं गाव आहे, आज कांद्या-लसणासाठी प्रसिद्ध. तिथे १० एप्रिल १८४७ ला जोसेफचा जन्म झाला, ज्यू कुटुंब, वडील फ्युलॉप धान्याचे व्यापारी, चांगलं चाललेलं घर. पुढे सगळे पेस्त शहरात (आजच्या बुडापेस्टचा भाग) राहायला गेले, पण १८५८ मध्ये वडील वारले, धंदा बुडाला, आईने दुसरं लग्न केलं. बाकीची भावंडं एकेक करून लहान वयातच गेली आणि शेवटी दोघंच उरले, जोसेफ आणि त्याच्याहून चार वर्षांनी धाकटा अल्बर्ट.

१७ व्या वर्षी जोसेफ सैन्यात भरती व्हायला घराबाहेर पडला. ऑस्ट्रियाच्या सैन्याने नाही म्हटलं, फ्रेंचांनी नाही म्हटलं, ब्रिटिशांनी पण नाही, तब्येत किडकिडीत आणि डोळे अधू. (डोळ्यांचं लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.) पण तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चाललं होतं, उत्तरेच्या फौजेला माणसं कमी पडत होती आणि त्यांचे एजंट पार हॅम्बुर्गपर्यंत येऊन पोरं गोळा करत होते, त्यांनी घेतलं. १८६४ ला तो बोटीने बॉस्टनला पोचला, आणि भरतीचे पैसे एजंटच्या खिशात जाऊ नयेत म्हणून त्याने बंदरातच पाण्यात उडी मारून किनारा गाठला असं सांगतात. न्यूयॉर्कच्या घोडदळात आठेक महिने काढले, आजूबाजूला बरेचसे जर्मन बोलणारेच शिपाई, त्यामुळे युद्ध संपलं तेव्हा पण इंग्रजी यथातथाच.

मग मिसिसिपीकाठचं सेंट लुइस, कारण तिथे जर्मन बोलणाऱ्यांची मोठी वस्ती होती. तिथे त्याने मिळेल ते काम केलं, हॉटेलात वेटर, सामान उचलणं, लष्करी छावणीत सोळा खेचरांची देखभाल, आणि उरलेला सगळा वेळ मर्कंटाइल लायब्ररीत, तिथे इंग्रजी पुस्तकं आणि बुद्धिबळाचे पट. असं म्हणतात की तिथल्या बुद्धिबळाच्या खोलीतच त्याची शहरातल्या मोठ्या जर्मन मंडळींशी ओळख झाली. त्यातले कार्ल शुर्त्स आणि एमिल प्रेटोरियस 'वेस्टलिश पोस्ट' हा जर्मन पेपर चालवायचे आणि १८६८ मध्ये त्यांनी याला रिपोर्टर म्हणून ठेवून घेतलं. तेव्हाचे स्थलांतरितांचे पेपर म्हणजे नुसत्या बातम्या नव्हत्या, नोकरी, खोली, राजकारण, ओळखीपाळखी, नवीन आलेल्या माणसाला सगळं तिथूनच मिळायचं.

वर्षभरात हा पोरगा मिसुरीच्या (सेंट लुइस याच राज्यात येतं) विधानसभेत निवडून पण आला, वय २२, कायद्याने हवं होतं २४. रागीट इतका की १८७० च्या जानेवारीत एका कंत्राटदारावर पिस्तूल झाडलं, गोळी पायाला लागली, दंडावर सुटला. ९ डिसेंबर १८७८ ला त्याने सेंट लुइसचा बुडीत निघालेला 'डिस्पॅच' हा पेपर लिलावात २५०० डॉलरला घेतला आणि तीनच दिवसांत 'पोस्ट' नावाच्या दुसऱ्या इंग्रजी पेपरशी जोडून टाकला, तोच 'पोस्ट-डिस्पॅच', अजून चालू आहे. त्याच वर्षी जूनमध्ये केट डेव्हिसशी लग्न झालं होतं. पुढे दोघांना सात मुलं झाली, मोठी झाली पाच.

आता अल्बर्टकडे येऊ, कारण याच्याबद्दल फार कमी लिहितात आणि मला तो अन्याय वाटतो. तो १८६७ मध्ये भावामागोमाग अमेरिकेत आला, कॅन्सासमध्ये काही दिवस जर्मन शिकवलं, मग न्यूयॉर्कला जाऊन 'सन' आणि 'हेरल्ड'मध्ये रिपोर्टर झाला. म्हणजे न्यूयॉर्कला आधी तो पोचला, जोसेफ नाही. १८८२ मध्ये त्याने स्वतःचा पेपर काढला, 'मॉर्निंग जर्नल', किंमत एक सेंट, हलकाफुलका, समाजातल्या गप्पागोष्टी, बायकांना वाचायला आवडेल असा, आणि तो चालला. पुढच्याच वर्षी, मे १८८३ ला थोरल्याने रेल्वेसम्राट जे गूल्डकडून 'वर्ल्ड' हा तोट्यातला पेपर ३,४६,००० डॉलरला घेतला आणि त्याच शहरात येऊन बसला. आल्या आल्या धाकट्याच्या ऑफिसातली माणसं स्वतःकडे ओढली. दोघांचं तसंही फार पटत नव्हतं, त्यात हे.

'वर्ल्ड'चं पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असतं. खप पंधरा हजारांच्या आसपास होता तो काही वर्षांत कितीतरी पटींनी वाढला. १८८५ मध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या चौथऱ्यासाठी पैसे नव्हते तर पेपरातून हाक देऊन एक लाखाच्या वर डॉलर जमवले, सव्वा लाखाच्या आसपास देणगीदार, बहुतेकांनी एक डॉलरपेक्षा कमी दिलेला, आणि ज्यांनी ज्यांनी दिलं त्यांची नावं पेपरात छापली. ही गोष्ट मला फार आवडते, बोटीने आलेल्या माणसाने बोटीने येणाऱ्यांसाठी उभा केलेला चौथरा. १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या पार्क रो या रस्त्यावर पेपरची ३०९ फुटी इमारत उभी राहिली, तेव्हा न्यूयॉर्कमधली सगळ्यात उंच, पण मालकाला ती नीट दिसली सुद्धा नाही. डोळे जवळजवळ गेले होते, नसा इतक्या बिघडलेल्या की बारीकसा आवाज सहन होईना, त्याच वर्षी त्याने संपादकपद सोडलं. तिथून पुढे वीस वर्षं सेक्रेटरी मोठ्याने वाचणार आणि हा बोटीवरून नाहीतर युरोपातल्या कुठल्यातरी घरातून तारा पाठवून पेपर चालवणार.

आणि इथेच अल्बर्टचा पेपर परत येतो. १८९५ मध्ये त्याने 'जर्नल' विकला, सिनसिनाटीच्या जॉन मॅक्लीनला, मॅक्लीनला तो झेपला नाही, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाहून आलेल्या विल्यम रँडॉल्फ हर्स्टने तो स्वस्तात उचलला. हर्स्टने मग तेच केलं जे जोसेफने सख्ख्या भावाला केलं होतं, 'वर्ल्ड'च्या रविवारच्या पुरवणीची जवळजवळ सगळी टीम जास्त पगार देऊन पळवली, त्यात पिवळ्या झग्यातल्या पोराची चित्रं काढणारा आउटकॉल्ट पण गेला. 'वर्ल्ड'ने दुसरा चित्रकार बसवला, दोन्हीकडे तेच पिवळं पोरगं, आणि त्यावरूनच 'पीत पत्रकारिता' हा शब्द आला, आपण मराठीत आजही सर्रास वापरतो.

१८९७ च्या ३१ डिसेंबरला जोसेफची लाडकी मुलगी लुसिल टायफॉइडने गेली, सतरा वर्षांची. त्यानंतर दीड महिन्याने तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेल्या क्यूबातल्या हवानाच्या बंदरात अमेरिकेची 'मेन' ही युद्धनौका फुटली आणि दोन्ही पेपरांनी खरं-खोटं न बघता स्पेनशी युद्धाचा जो गदारोळ केला तो त्याच्या नावावरचा सगळ्यात मोठा डाग आहे. दुःख होतं म्हणून माफ असं मी म्हणणार नाही, मालक तोच होता.

अल्बर्टने १९०९ च्या ऑक्टोबरमध्ये व्हिएन्नात आत्महत्या केली. जोसेफ दोन वर्षांनी गेला, २९ ऑक्टोबर १९११, चार्ल्सटनच्या बंदरात 'लिबर्टी' या स्वतःच्या बोटीवर. जर्मन वाचून दाखवणारा सेक्रेटरी जवळ होता, आणि शेवटचे शब्द पण जर्मनच, 'हळू, अगदी हळू'.

मृत्युपत्रात कोलंबिया युनिव्हर्सिटीला पत्रकारितेच्या शाळेसाठी आणि पुरस्कारांसाठी पैसे ठेवले होते, शाळा १९१२ ला सुरू झाली, पहिले पुरस्कार १९१७ ला. पण घरातली वाटणी बघा, पेपरांच्या उत्पन्नातले सहा हिस्से शेंडेफळ हर्बर्टला, जो तेव्हा जेमतेम १५-१६ वर्षांचा, दोन हिस्से थोरल्या राल्फला, एक हिस्सा मधल्या, बापाच्याच नावाच्या जोसेफला आणि उरलेला एक संपादक-मॅनेजर लोकांना. मधला जोसेफ म्हणजे हार्वर्डमधून बाहेर पडावं लागलेला, बापाच्या मते बिनकामाचा, म्हणून सेंट लुइसला पाठवून दिलेला. 'वर्ल्ड' विकू नका असं बापाने लिहून ठेवलं होतं, तरी १९३१ मध्ये मुलांनी कोर्टाची परवानगी काढून तो स्क्रिप्स-हॉवर्ड या पेपर कंपनीला विकला, हजारो लोकांची नोकरी गेली. राहिला तो मधल्याकडचा 'पोस्ट-डिस्पॅच', त्याने तो १९१२ पासून मरेपर्यंत म्हणजे १९५५ पर्यंत चालवला, मग त्याच्या मुलाने १९८६ पर्यंत, आणि २००५ मध्ये तो घराण्याच्या हातून गेला. (अमेरिकेत रंगीबेरंगी ड्रेसवर लिली पुलित्झर हे नाव दिसतं ना, ती हर्बर्टची सून.)

हे सगळे धागे १९३७ च्या पुरस्कारांत एकत्र आले. लोकसेवेचं सुवर्णपदक 'पोस्ट-डिस्पॅच'ला, सेंट लुइसमधली बोगस मतदार नोंदणी उघड केली म्हणून, म्हणजे एका हिश्शाच्या मुलाचा पेपर. आणि वार्तांकनाचा पुरस्कार पाच विज्ञान पत्रकारांना मिळून, हार्वर्डच्या त्रिशताब्दीच्या बातम्यांसाठी, त्यातला एक डेव्हिड डिट्झ स्क्रिप्स-हॉवर्डचा, ज्यांनी 'वर्ल्ड' घेतला होता, आणि एक गोविंद बिहारी लाल, १९१२ मध्ये भारतातून कॅलिफोर्नियाला शिकायला गेलेला, हा पुरस्कार मिळवणारा पहिला भारतीय. तो नोकरीला होता हर्स्टच्या युनिव्हर्सल सर्व्हिस या वृत्तसंस्थेत.