मेमकॉपी : लहान, बदलत्या लांबीची

मेमरीतले थोडेसे बाइट एका जागेवरून दुसरीकडे नेण्याची क्रिया. लांबी आधीच ठरलेली असेल, समजा ८, तर जीसीसी किंवा क्लँग हे कंपायलर (सी भाषेतला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत आणणारे) 'मेमकॉपी' फंक्शन बोलावतच नाहीत. एक वाचन, एक लेखन, काम संपले. लांबीच्या जागी व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम चालतानाच कळणारी संख्या, आला की मात्र सहसा लायब्ररीतले फंक्शन बोलावले जाते. मोठ्या कॉपीत तो खर्च जाणवत नाही. वीसेक बाइटांसाठी कामापेक्षा सोपस्कारच जास्त.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या १२ तालुक्यांची नावे घ्या. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक अक्षरचिन्ह, काना-वेलांटीसुद्धा, ३ बाइट घेते. म्हणून कागल, आजरा १२ बाइटांचे आणि हातकणंगले, गडहिंग्लज २७ बाइटांचे. अशी नावे कॉपी करायला एकेक बाइट नेणारा लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोड) लिहावा, हे पहिल्यांदा सुचते. पण ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करण्याची सोय, चालू असले की कंपायलर तो लूप ओळखतो आणि त्याजागी बहुधा मेमकॉपीच बसवतो! खुद्द मेमकॉपी लिहिणाऱ्यांना तर ही ओळख बंद ठेवावी लागते, नाहीतर फंक्शन स्वतःलाच बोलावत बसायचे.

खरी युक्ती एकमेकांवर चढणाऱ्या तुकड्यांची. लांबी ८ ते १६ असेल तर पहिले ८ आणि शेवटचे ८ बाइट वाचायचे, मग दोन्ही तुकडे लिहायचे. 'करवीर' १५ बाइटांचे. बाइट शून्यापासून मोजले तर पहिला तुकडा ० ते ७, दुसरा ७ ते १४. 'व'च्या तीन बाइटांपैकी मधला दोनदा लिहिला जातो. दोन्ही वेळा तोच, त्यामुळे बिघडत काही नाही. लांबी १७ ते ३२ असेल तर हेच १६ बाइटांच्या रजिस्टरांनी, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागांनी. लांबी पाहून कोडला फुटणाऱ्या या दोन फाट्यांत बाराही तालुके बसतात : कागल, आजरा, करवीर, शिरोळ, चंदगड पहिल्यात, उरलेले सात दुसऱ्यात. दोन्ही वाचने लेखनाआधी उरकली तर मूळ जागा आणि नवी जागा एकमेकींत शिरलेल्या असल्या तरी चालते. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीतही हीच पद्धत आहे.

पुढे कोणता फाटा लागेल याचा प्रोसेसर आधीच अंदाज बांधतो. हीच नावे पुन्हा पुन्हा येणाऱ्या, तालुकावार लावलेल्या यादीत तो सहसा बरोबर येतो. सरमिसळ यादीत तो चुकतो आणि दरवेळी प्रोसेसरच्या घड्याळाचे दहा-वीस ठोके (सायकली) वाया जातात. त्यामुळे जागेची चणचण नसेल तर प्रत्येक नावाला ३२ बाइट राखून सरसकट सगळे ३२ नेणे बरे, फाटाच उरत नाही. मात्र नावापुढची ती जागा वाचण्याजोगी हवी, नाहीतर मेमरी पानाच्या (मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांत वाटली जाते त्या तुकड्याच्या) हद्दीवर प्रोग्रॅम कोसळू शकतो. प्रोसेसरची 'रेप मोव्हस्बी' ही एकच सूचनाही कॉपीचे काम करते, पण सुरू होतानाच ती बराच वेळ खाते; छोट्या कॉपीसाठी इंटेलने ती आपल्या प्रोसेसरांच्या आइस लेक पिढीपासून सुधारली.