गुडघ्याचे टेपिंग

गुडघ्याच्या वाटीभोवती ठराविक दिशेने चिकटपट्टी लावून हालचालीच्या वेळचे दुखणे कमी करण्याची फिजिओथेरपीतील पद्धत. खेळाडू, धावपटू आणि अंगमेहनत करणाऱ्यांच्या वाटीमागच्या दुखण्यासाठी ती मुख्यतः वापरतात. जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ गुडघे दुमडून बसल्यावर उठताना वाटीच्या मागे वा भोवती कळ येते, ही या दुखण्याची खूण.

बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागात असे गुडघे ठिकठिकाणी भेटतात. तालमीत जोर-बैठकांवर वाढलेला मल्ल, सैन्यभरतीच्या १.६ किलोमीटर धावण्यासाठी पहाटे डांबरी रस्त्यावर पळणारी पोरे (मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे), खानापूरकडच्या पावसात वाकून भाताची रोपे लावणाऱ्या बाया, पंढरीला पायी जाणारे वारकरी. खोल बैठकीत वाटी मांडीच्या हाडावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट जोराने दाबली जाते. पण बैठक मुळातच वाईट असे नाही. गुडघा तक्रार करतो तो बहुधा सराव एकाएकी वाढवल्यावर. भरतीची तारीख जाहीर होताच दुप्पट पळू लागणारे हे नेहमीचे उदाहरण.

टेपिंगच्या दोन मुख्य परंपरा आहेत. ऑस्ट्रेलियन फिजिओथेरपिस्ट जेनी मॅककॉनेल यांनी १९८६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत न ताणणारी, कडक पट्टी वापरतात. आधी त्वचेवर मऊ अस्तरपट्टी, मग तिच्यावर वाटीला आतल्या बाजूस ओढून धरणारी कडक पट्टी. दुसरी परंपरा जपानच्या केंझो कासे यांची, १९७० च्या दशकातली. त्यांची रंगीत सुती पट्टी ताणली जाते, घामातही बऱ्यापैकी टिकते आणि तीन ते पाच दिवस अंगावर राहू शकते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर ती जगभर दिसू लागली. रंगांवरून गुण ठरतात ही समजूत मात्र निराधार आहे. निळी पट्टी गुलाबीपेक्षा जास्त काम करत नाही.

पट्टीने वाटी जागेवर येते, असे मॅककॉनेल यांचे मूळ स्पष्टीकरण होते. पुढे क्ष-किरण आणि एमआरआयने पाहिल्यावर हा सरकाव थोडा, अनिश्चित आणि हालचाल सुरू होताच कमी होणारा दिसला. तरीही दुखणे कमी होते. त्वचेवरून मेंदूला मिळणारी वेगळी संवेदना आणि हालचाल करण्याचा वाढलेला भरवसा यांचा त्यात वाटा असावा. काही चाचण्यांत ताण न देता नुसती चिकटवलेली पट्टीही बरीच उपयोगी पडली आहे. त्यामुळे ‘शास्त्रशुद्ध’ ओढीच्या बारकाव्यांवर फार पैसे मागणाऱ्याकडे जरा सावधपणे पाहावे.

टेपिंगचा खरा उपयोग व्यायामासाठी दार उघडण्याचा. अमेरिकेतील फिजिओथेरपी संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी ते व्यायामाच्या जोडीला, साधारण चार आठवड्यांपर्यंतच सुचवले आहे. व्यायाम म्हणजे मांडीच्या पुढच्या आणि कमरेखालच्या, म्हणजे नितंबांच्या स्नायूंना बळ देणे. एरवी दुखते म्हणून जी बैठक अर्ध्यावर सोडावी लागते, ती पट्टी लावून पूर्ण करता येते. तपासण्याची रीत साधी आहे: आधी पायरी उतरून पाहायची, मग पट्टी लावून पुन्हा उतरायची. फरक जाणवला नाही तर दिशा बदलायची. तरीही नाहीच, तर टेपिंगचा नाद सोडायचा. वाटीखालच्या कंडरेचे (वाटीला नडगीच्या हाडाशी जोडणाऱ्या जाड दोरीसारख्या पट्ट्याचे) दुखणे हे कबड्डी-व्हॉलीबॉल खेळणाऱ्यांत दिसते. तिथे वाटीच्या खाली आडवा पट्टा बांधतात, ती वेगळी गोष्ट.

इथल्या तालमीत एक अडचण हमखास येते. अंगाला तेल आणि आखाड्यातली माती, त्यावर पट्टी टिकत नाही. ती लावण्याआधी गुडघा साबणाने धुऊन कोरडा करावा लागतो, केस कापावे लागतात. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे ओली पट्टी अंगावर ठेवली की त्वचा मऊ पडून खाजते. खाज, जळजळ किंवा पुरळ दिसताच पट्टी काढावी. ओरबाडून नव्हे, केसांच्या दिशेने, तेल लावून.

जखम, गजकर्ण किंवा चिकटद्रव्याची ॲलर्जी असलेल्या जागी टेप लावत नाहीत. गुडघा पिळवटून लगेच सुजला असेल, मध्येच अडकत असेल, भार टाकताच लचकत असेल, किंवा गरम-लाल होऊन ताप आला असेल, तर पट्टी न शोधता अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा. पोटरी सुजून दुखत असेल तर त्याच दिवशी.