एमएलएच-१ नाही: दोष घराण्यातला की गाठीपुरता?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रिपोर्टात कधी कधी एक ओळ असते: ‘एमएलएच-१ आणि पीएमएस-२ अनुपस्थित’, म्हणजे ही दोन प्रथिनं गाठीत दिसली नाहीत. ती वाचून कुणी लगेच ‘लिंच सिंड्रोम’ (कर्करोगाचा धोका वाढवणारा आनुवंशिक दोष) म्हणून अख्ख्या घराला घाबरवून सोडतं, तर कुणी रुग्ण सत्तरीचा आहे म्हणून पुढे काहीच करत नाही. दोन्ही चुकीचं, कारण हीच ओळ दोन अगदी वेगळ्या बिघाडांतून येते.

डीएनएची नक्कल होताना पडलेल्या चुका सुधारणारी प्रथिनं जोडीनं काम करतात: एमएलएच-१ सोबत पीएमएस-२, एमएसएच-२ सोबत एमएसएच-६. एमएलएच-१ गेलं की पीएमएस-२ टिकत नाही, म्हणून रिपोर्टात दोन्ही एकदम गायब दिसतात. मोठ्या आतड्याच्या १०० कर्करोगांपैकी साधारण १५ मध्ये ही दुरुस्ती बंद पडलेली असते. त्यांतले लिंचचे सुमारे तीन. उरलेल्यांपैकी बहुतेक मेथिलेशनचे, म्हणजे जनुक शाबूत असूनही बंद पडल्याचे.

लिंचमध्ये या प्रथिनांपैकी एकाच्या जनुकाची एक प्रत जन्मापासून शरीरातल्या प्रत्येक पेशीत बिघडलेली असते. दुसरी पुढे आतड्यातल्या एखाद्या पेशीत बिघडते. मेथिलेशनमध्ये एमएलएच-१ जनुकाची अक्षरं शाबूत असतात, पण त्याच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गट चिकटतात आणि ते वाचलंच जात नाही. हे सहसा त्या गाठीतच घडतं, मुलांकडे जात नाही. असे रुग्ण बहुधा वयस्कर, त्यांत स्त्रिया जास्त, आणि गाठ उजव्या बाजूला. पण लिंचची गाठही उजवीकडे असू शकते, तेव्हा जागेवरून निकाल देऊ नये.

आधी ही प्रथिनं रंगवून दाखवणारी गाठीची स्लाइड तपासायची. गाठीच्या आसपासच्या लिम्फोसाइट पेशींची केंद्रकं रंगलेली हवीत. तीही कोरी असतील तर प्रथिन गेलं असं म्हणता येत नाही, चाचणीच फसलेली असू शकते. बहुधा नमुना फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणाऱ्या द्रवात) उशिरा घातला गेला किंवा कमी वेळ राहिला. मोठ्या शस्त्रक्रियेच्या नमुन्यात हे जास्त होतं, म्हणून कोलोनोस्कोपीतला लहानसा तुकडा उपलब्ध असेल तर तोच वापरावा.

मग गाठीत ब्राफ व्ही६००ई (ब्राफ जनुकातला एक ठरावीक बदल) शोधायचं. सापडलं तर लिंच जवळजवळ बाद. न सापडणं मात्र लिंचचा पुरावा नाही, कारण मेथिलेशनच्या बऱ्याच गाठींतही ते नसतं. अशा वेळी एमएलएच-१ चं मेथिलेशन तपासायचं, आणि तेही नसेल तर रक्तातून जनुकतपासणी करायची. रुग्ण तरुण असेल तर गाठीत मेथिलेशन सापडूनही थांबू नये: क्वचित ते जन्मापासून रक्तातही असतं. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ गायब असतील तर ब्राफमध्ये वेळ घालवायचा नाही, थेट रक्ततपासणी करायची. आणि त्यात एमएसएच-२ च्या शेजारच्या एपकॅम जनुकाचा तुकडा गळाला आहे का हेही पाहिलं जातं का, हे प्रयोगशाळेला विचारून घ्यायचं.

पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅबसारखं प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध लिंच आणि मेथिलेशन दोन्हींत चालतं, त्यामुळे उपचार सुरू झाले की कारण शोधायचं राहून जातं. पण लिंच असेल तर प्रत्येक भावंडाला आणि मुलाला तोच दोष असण्याची शक्यता ५० टक्के.

घरची माहिती घेताना आईच्या माहेरची बाजूही विचारावी. ‘पिशवी काढली होती’ एवढंच उत्तर मिळतं, आणि ती कशासाठी काढली हे कुणी विचारत नाही. लिंचमध्ये गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही होतो. मामाच्या मुलीशी लग्न झालेल्या घरात तर आणखी सावध राहावं. दोघांकडेही एकाच जनुकाचा दोष असेल तर मुलाला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळू शकतात, आणि मग लहानपणीच मेंदूची गाठ किंवा रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. अंगावर बहुधा कॉफीच्या रंगाचे डाग असतात.

रुग्णातला नेमका बदल सापडला की नातेवाइकांना मोठं पॅनेल (अनेक जनुकांची एकत्र तपासणी) लागत नाही, तेवढा एकच बदल तपासायचा. ज्याच्यात एमएलएच-१ चा दोष निघाला, त्याची कोलोनोस्कोपी साधारण पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी. ज्याच्यात नाही, त्याला या दोषापायी वेगळी तपासणी लागत नाही.