चार शीट प्लायवूडची होडी

होडी बांधायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तरंगेल ना?" खरं तर हा त्यातला सगळ्यात सोपा प्रश्न. आर्किमिडीजने तो बावीसशे वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलाय. होडी, माणसं आणि सामान मिळून जेवढं वजन, तेवढ्या वजनाचं पाणी बाजूला सारलं गेलं की काम झालं. अवघड प्रश्न त्यापुढचे आहेत. ती कलंडेल का? आणि दिवसभर वल्हवल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी खांदे पुन्हा वल्ह्याला हात लावू देतील का? चार-पाच दिवसांच्या नदीप्रवासासाठी होडी बांधताना तिची लांबी-रुंदी या दोन प्रश्नांच्या ओढाताणीतूनच ठरते.

आधी वजन. दोन माणसं मिळून १३० किलो धरू, होडी स्वतः ६० किलो, आणि तंबू, शिधा, पिण्याचं पाणी वगैरे आणखी ६०. एकूण २५० किलो, म्हणजे २५० लिटर पाणी सरकलं पाहिजे. सव्वाचार मीटर लांब, मध्ये मीटरभर रुंद आणि टोकांकडे निमुळती होत गेलेली सपाट बुडाची होडी पाण्यावर साधारण पावणेतीन चौरस मीटर जागा व्यापते. एक सेंटिमीटर खाली जायला तिला साडेसत्तावीस किलो लागतात. सगळं भरूनही ती नऊ-दहा सेंटिमीटरच बुडते. नदीत हे फार मोलाचं आहे, कारण तिथे खोल डोह संपला की घोटाभर पाण्याचा पट्टा कधी लागेल याचा नेम नसतो.

कलंडण्याचं गणित मांडलं ते पिएर बुगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने. पृथ्वीचा आकार मोजायला तो अँडीज पर्वतात गेला होता आणि समुद्रापासून इतक्या उंचावर बसून जहाजांवरचा ग्रंथ लिहीत होता. तो १७४६ साली छापला गेला. होडी एका अंगाला झुकली की त्या अंगाचा भाग जास्त बुडतो, त्यामुळे पाण्याचा उचलून धरणारा जोर त्याच बाजूला सरकतो आणि होडीला परत सरळ करू पाहतो. किती ताकदीने? इथे रुंदीची करामत दिसते, कारण हा परिणाम रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ८० सेंटिमीटरची होडी १०० सेंटिमीटरची केली तर रुंदी फक्त सव्वापट होते, स्थैर्य मात्र जवळजवळ दुप्पट. म्हणूनच नवशिक्यांच्या होड्या थोड्या ढबोळ्या असतात आणि तशाच असाव्यात. सामानातलं सगळ्यात जड ते, म्हणजे पाण्याचे कॅन, तळाशी आणि मधोमध ठेवायचे. उभं राहून फोटो काढण्याचा मोह टाळायचा, कारण माणूस उभा राहिला की त्याचं वजन वाढत नसलं तरी गुरुत्वमध्य झटकन वर जातो.

आता लाकूड, आणि मला सगळ्यात रंगतदार वाटतो तो हाच भाग. प्लायवूडची शीट सपाट, होडी वळणदार. मग सपाटातून वळण येतं कसं? एक कागद घ्या आणि त्याची नळी करा, सहज होते. शंकूही होतो. तोच कागद चेंडूवर चोपून बसवायला जा, चुण्या पडल्याशिवाय राहत नाहीत. हे असं का, ते गाऊसने १८२७ साली सिद्ध केलं: न ताणता, न चुरगाळता सपाट पृष्ठभागाला एका वेळी एकाच दिशेने वळण देता येतं, दोन्ही दिशांनी नाही. प्लायवूड ताणलं जात नाही, त्यामुळे गाऊसचा नियम त्यालाही बांधून ठेवतो. घरगुती होडीची प्रत्येक बाजू ही नळीचा किंवा शंकूचा तुकडाच असते. वाफेवर फळ्या वाकवणाऱ्या जुन्या कारागिरांसारखा गोल गरगरीत पेटारा प्लायवूडमधून निघत नाही, त्याचा हट्टही धरू नये.

पण या बंधनातून एक सुंदर गोष्ट फुकटात मिळते. जाड कागदाच्या दोन अगदी सरळ पट्ट्या कापा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडा आणि मध्ये एक छोटा आडवा तुकडा घाला, खाली अरुंद आणि वर रुंद, म्हणजे पट्ट्या बाहेरच्या बाजूला कलतील. आता हे टेबलावर ठेवा. पट्ट्यांची खालची कड सरळ कापलेली असूनही टेबलाला फक्त मध्यभागी टेकते, दोन्ही टोकं वर उचललेली दिसतात. सरळ पट्टी टोक खाली असलेल्या शंकूवर गुंडाळली की तिची टोकं टोकदार भागापासून लांब, म्हणजे वर जातात, त्याचा हा परिणाम. डोरी जातीच्या होड्यांचा तो डौलदार उचललेला बाक बऱ्याच अंशी असाच येतो. शिवाय बाहेर कललेल्या बाजूंमुळे होडी जसजशी भरत जाते तसतशी ती पाण्यावर जास्त रुंद होते. रिकामी डोरी थोडी डगमगते, भरलेली शांत बसते.

सहा मिलिमीटर जाडीची आठ फूट बाय चार फुटाची शीट साधारण दहा किलोची असते. अशा चार शीट पुरतात. नऊ मिलिमीटर घेतली तर वजन दीडपट होतं, ताठपणा मात्र सव्वातीन पटींहून जास्त, कारण तो जाडीच्या घनाने वाढतो. बाजूंना वळणामुळेच ताठपणा येतो, तिथे सहा मिलिमीटर भरपूर. बूड दगडगोट्यांवर घासणार, तिथे जाड शीट किंवा वरून काचतंतूंचं कापड हवं. शीटवरच्या 'वॉटरप्रूफ' शिक्क्यावर मात्र विसंबू नका. एक कापलेला तुकडा तासभर पाण्यात उकळा आणि मग वाकवून बघा. थर सुटले तर ती शीट कपाटासाठी ठेवा.

सव्वाचार मीटरची होडी अडीच मीटरच्या शीटमधून काढायची तर जोड आलाच. दोन्ही कडा जाडीच्या आठपट लांबीच्या उतारात तासायच्या, म्हणजे सहा मिलिमीटरला ४८ मिलिमीटर, आणि एकावर एक चिकटवायच्या. गोंदाला मिळणारी जागा त्यामुळे कितीतरी वाढते. रंधा मारताना प्लायवूडच स्वतःची मोजपट्टी होतं: उतारावर एकेका थराचे फिके-गडद पट्टे उघडे पडतात. पट्टे सरळ आणि समांतर असतील तर उतार बरोबर आहे. एखादा पट्टा नागमोडी झाला तर तिथे हात जास्त दाबला गेलाय.

मग बाजू आणि बूड यांच्या कडांना भोकं पाडून तांब्याच्या तारेने किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी अक्षरशः टाके घालतात आणि सांधा इपॉक्सीने, म्हणजे राळ आणि हार्डनर असे दोन द्रव मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या गोंदाने, भरतात. टाके घालण्याच्या या पद्धतीने १९६०च्या दशकात ब्रिटनमध्ये 'मिरर' नावाची छोटी शिडाची होडी आली आणि हजारो लोकांनी ती स्वतःच्या हातांनी बांधली. सांध्याच्या आतल्या कोपऱ्यात लाकडाचा बारीक भुसा मिसळून पुट्टीइतकी घट्ट केलेली इपॉक्सी भरून गोलाई देतात. ती शोभेची नाही. टोकदार कोपऱ्यात ताण एका रेषेवर गोळा होतो आणि तिथूनच तडा सुरू होतो, गोलाईवर तो पसरतो.

इपॉक्सी हे प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. त्यातलं हार्डनर नुसतं क्रियेला वेग देत नाही, स्वतः क्रियेत भाग घेतं. त्यामुळे "लवकर वाळावं म्हणून थोडं जास्त" हे इथे चालत नाही, प्रमाण चुकलं की चिकट राहतं ते राहतंच. क्रियेतून उष्णताही निघते. उभट कपात मिश्रण तसंच ठेवलं तर ती आतच कोंडते, क्रिया आणखी भडकते आणि बघता बघता कपातून धूर येतो. तेच मिश्रण पसरट ट्रेमध्ये ओतलं तर निवांत काम करता येतं. हातमोजे मात्र हवेतच, त्वचेला एकदा इपॉक्सीची ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही. आणि ऊन इपॉक्सीला हळूहळू खातं, तेव्हा वरून रंग आवश्यक.

वल्ह्यांकडे लोक शेवटी वळतात, तेही कंटाळलेल्या हातांनी. हे काही बरं नाही. वल्हं म्हणजे तरफ. होडीच्या काठावर वल्हं ज्या कडीत अडकवतात, तिच्या आतला भाग एकूण लांबीच्या सुमारे २८ टक्के असेल तर ओढायला ते हाताला बसतं. दोन कड्यांमध्ये १२० सेंटिमीटर अंतर असेल तर आतला भाग त्याच्या निम्मा अधिक थोडा, म्हणजे ६५ सेंटिमीटर, आणि पूर्ण वल्हं सव्वादोन मीटरच्या थोडं पुढे. पाय रोवायला आडवी पट्टी नक्की लावा. वल्हवताना खरा जोर पायांचा आणि पाठीचा असतो, पाय अधांतरी राहिले तर सगळं ओझं दंडांवर येतं.

किती वेगाने जाता येईल? होडी स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते, हे विल्यम फ्रूडने १८७०च्या दशकात लहान प्रतिकृती पाण्याच्या लांब टाकीत ओढून तपासलं. ढोबळ हिशेब असा: पाणरेषेच्या मीटरमधल्या लांबीचं वर्गमूळ गुणिले साडेचार. चार मीटरला ताशी नऊ किलोमीटर. ही मर्यादा, रोजची चाल नव्हे. निरोगी माणूस तासन्‌तास सुमारे ७५ वॉट देऊ शकतो, आणि लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाने वाढते. ताशी पाचावरून सहावर जायचं तर पावणेदोन पट ताकद. त्यापेक्षा चारने वल्हवा. प्रवाह ताशी तीनचा असेल तर काठाच्या हिशेबाने सात होतात, आणि सहा तासांत ४२ किलोमीटर मागे पडतात.

नदीची एक अडचण तलावात जाणवत नाही: वल्हवणारा पाठमोरा असतो. १८६९ साली जॉन वेस्ली पॉवेल या अमेरिकन संशोधकाची तुकडी चार होड्यांतून ग्रीन आणि कोलोरॅडो नद्यांवरून ग्रँड कॅन्यनपार गेली. वल्हवणारे पाठमोरे आणि जोर लावून पुढे जाणारे. त्यांची एक होडी खळाळात फुटली. पुढे नॅथनिएल गॅलोवे या शिकाऱ्याने तिथेच उलटी रीत रूढ केली: तोंड प्रवाहाच्या दिशेने करून बसायचं आणि वल्ही प्रवाहाविरुद्ध मारायची. होडीचा वेग पाण्यापेक्षा कमी होतो, समोरचा दगड दिसतो आणि विचाराला वेळ मिळतो. होडी थोडी तिरकी धरली तर तीच ओढ तिला बाजूलाही नेते. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडापासून मात्र शक्य तितकं लांब राहा, कारण फांद्यांतून पाणी जातं, माणूस जात नाही. लाइफ जॅकेट अंगात हवं, होडीत नव्हे.

होडीत पाणी शिरलं तर ते झुकत्या बाजूला धावतं आणि तिला आणखी झुकवतं. म्हणून दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे करतात. निघण्याआधी गुडघाभर शांत पाण्यात होडी मुद्दाम काठोकाठ भरा, सामानाच्या वजनासकट दोघं आत बसा आणि बघा: कड पाण्याच्या वर राहिली तर पाणी उपसता येईल, नाही राहिली तर कप्पे वाढवायला हवेत. कप्पे अगदी हवाबंदही नकोत, हे ऐकायला विचित्र वाटेल. उन्हात ४० अंशांपर्यंत तापलेली हवा नदीच्या पाण्याने २० अंशांवर आली की सहा टक्क्यांनी आक्रसते. शंभर लिटरच्या कप्प्यात ही सहा लिटरची तूट झाली, आणि ती भरून काढायला कप्पा कुठल्याही बारीक फटीतून पाणी ओढून घेतो. कप्प्याच्या आतल्या भिंतीत, अगदी वरच्या कडेजवळ, दोन मिलिमीटरचं एक भोक पाडून ठेवा, म्हणजे त्याला हवा घेता येईल.