टाकी धुवायला बोलावण्याआधी

पाऊस सुरू झाला की नागपुरात गॅस्ट्रोच्या बातम्या येतात आणि आमचा फोन खणखणू लागतो. "पाणी तर नितळ दिसतं हो, मग टाकी कशाला धुवायची?" हा प्रश्न ठरलेला.

नितळ पाण्यातही जंतू असतात. पटकीचा (कॉलराचा) जंतू पोट बिघडवायला सहसा लाखोंनी पोटात जावा लागतो. हगवणीच्या शिगेलाला मात्र दहा ते शंभर पुरतात, म्हणून तिथे न धुतलेले हातही पाण्याइतकेच दोषी. ई. कोलाय या जंतूचे बरेच प्रकार आपल्या आतड्यात निमूट राहतात; पण तो पाण्यात सापडला तर मैला मिसळलाय हे नक्की. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक (आयएस 10500) सांगतं की 100 मिलिलिटरमध्ये तो एकही नको.

कन्हान आणि पेंच या नद्यांचं पाणी शुद्ध करून, क्लोरीन घालूनच सोडतात. घोळ पुढे होतो. नळाला थेट टिल्लू पंप (छोटी मोटर) लावला की लाइनमधलं पाणी जोराने ओढलं जातं, आणि पाइप कुठे नालीजवळ फुटका असेल तर बाहेरची घाण आत येते. शेजारी लावतो म्हणून आपणही लावायचा, हे आम्हाला पटत नाही. गच्चीवरच्या टाकीचं झाकण तिरपं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही, वर कबुतरं. बाकी काय सांगायचं! त्यात मे महिन्यात टाकी तापते आणि उरलेलं क्लोरीनही लवकर उडतं.

धुण्याआधी आम्ही एचटूएसच्या (हायड्रोजन सल्फाइड चाचणीच्या) छोट्या बाटलीत तुमचं पाणी भरून ठेवतो. 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर मैल्यातल्या जंतूंचा संशय धरायचा. नेमका जंतू कोणता, हे ती बाटली सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते. तोवर पिण्याचं पाणी खळखळून उकळा.

गाळ उपसून, भिंती घासून झाल्यावर हजार लिटरला साधारण 150 ग्रॅम ब्लीचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनची) घालून टाकी रात्रभर भरून ठेवतो. सकाळी ते सगळं पाणी सोडून देतो. ते पिऊ नका, त्याने अंघोळही नको. मग ताजं पाणी भरून क्लोरीन तपासतो. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम उरलेलं हवं. आरओ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आरओत क्लोरीन निघून जातं, त्यामुळे साठवलेल्या पाण्याला पुढे राखण उरत नाही.

घरात कुणाला जुलाब लागले असतील तर टाकीचं नंतर बघू. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ओआरएस कालवून घोट घोट पाजा. शौचातून रक्त पडत असेल, लघवी कमी झाली असेल किंवा लेकरू मलूल पडलं असेल, तर लगेच डॉक्टरकडे न्या. उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या मनाने देऊ नका.

आम्ही येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी पिण्यापुरतं पाणी भांड्यात झाकून ठेवा आणि टाकीत नवं पाणी चढवू नका.